मिर्तोचा धागा

एकदा काय झालं, यवनांच्या, म्हणजे ग्रीक लोकांच्या देशात, निळ्या समुद्रातल्या एका बेटावर मिर्तो नावाची विणकरीण राहायची. तिथला राजा थ्रासोन भारी संशयी. समुद्रातून कुणी परका आला, की त्याला वाटायचं, हा हेरच! लगेच मारून टाकायचा.

एका सकाळी लाटांनी अर्कास नावाचा खलाशी किनाऱ्यावर आणून टाकला. जहाज बुडालेलं, डोकं फुटलेलं. मिर्तोनं त्याला घरात घेतलं. तिकडे दारी आलेल्याला देवाचं माणूस मानत, बरं का. पण राजाला कळलंच. शिपाई येताना दिसले, तशी दोघं मागच्या दारानं पळाली आणि टेकडीवरच्या अथेनादेवीच्या देवळात शिरली. देवीचे पाय धरले, की राजासुद्धा माणसाला हात लावू शकत नसे.

राजा बाहेर ठाण मांडून बसला. म्हणाला, "बसा उपाशी. याल झक मारत!"

मग म्हातारी पुजारीण मिर्तोच्या कानाशी लागली. "पोरी, सूत आहे ना जवळ? देवीच्या पायाला बांध. ते हातात आहे तोवर तुम्ही देवळातच आहात."

मिर्तोनं सूत बांधलं. मग एका हातानं सूत सोडत, दुसऱ्या हातानं अर्कासला धरून ती निघाली. खाली बंदरात होडी होती. दोन्हीकडे भाले. पण कुणी शिवेना.

मग राजानं वाटेत शेळ्या सोडल्या. एक शेळी सूत चघळायलाच लागली! ओढावं तर तुटेल. अर्कासनं हळूच ऑलिव्हची डहाळी पुढे केली. शेळीनं पाला धरला, सूत सोडलं.

मग सूतच संपलं. समुद्र अजून लांब. मिर्तोच्या अंगावर लग्नातली शाल होती, स्वतः विणलेली. सुताचं टोक शालीच्या धाग्याला गाठ मारून जोडलं आणि ती शाल उसवत चालली. डोळ्यांत पाणी, पण हात थांबले नाहीत.

पाऊल पाण्यात पडलं, आणि राजा ओरडला, "मी नाही मानत देवीला!" त्यानं तलवार उपसली आणि सप्पकन सूत कापलं.

मिर्तोनं डोळे मिटले. आता भाले येणार.

भाले आले नाहीत. कापलेलं सूत खाली पडलंच नाही, बाळांनो! दोन्ही टोकं हवेत तशीच ताठ. मध्ये काही नाही, तरी तिच्या हाताला देवळाकडून ओढ लागत होती.

म्हातारा शिपाई म्हणाला, "महाराज, आम्ही देवीवर शस्त्र धरणार नाही." धडाधड भाले वाळूत पडले. राजानं मागे पाहिलं, तर त्याच्या बाजूला कुणीच नाही. मग तोच होडीत बसून पळाला!

मग बेटानं राजाच नको म्हटलं. सगळे चौकात जमून कारभार बघायला लागले. अर्कास बरा होऊन आईकडे गेला. मिर्तो नवी शाल विणायला बसली, आणि बेटावर सगळे सुखानं नांदले. चला, पांघरूण घ्या, मिटा डोळे. निजा आता.