खालच्या टाक्याचं पाणी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच ऐकावी!

एका डोंगरी किल्ल्यावर शिपाई आपल्या बायकापोरांसह राहत. वर किल्लेदाराचं घर आणि त्याचं स्वच्छ पाण्याचं टाकं. खाली शिपायांची घरं आणि त्यांचं टाकं. त्या खालच्या टाक्यात घोड्यांच्या पागेतली घाण झिरपायची, पण किल्लेदार तिकडे लक्षच देत नसे.

खालची पोरं एकामागून एक आजारी पडू लागली. पण तक्रार कुणाकडे करायची? किल्लेदाराकडेच! नियमच तसा होता, बरं का. एका शिपायाने केली, तर त्याला महिनाभर कड्यावर भणाण वाऱ्यात पहाऱ्याला उभं केलं. मग सगळ्यांची तोंडं बंद. किल्लेदार दर महिन्याला राजाला कळवी, "सारे सुखात आहेत. एकही तक्रार नाही." राजा खूश!

केरोजी शिपाई आणि त्याची बायको ठकूबाई यांची चार वर्षांची लेक हगवणीने पार चिपाड झाली होती.

"मी जातेच किल्लेदाराकडे," ठकूबाई म्हणाली.

"नको गं!" केरोजी म्हणाला. "त्याच्याविरुद्धचं गाऱ्हाणं त्यालाच सांगणार? मला कड्यावर धाडतील, आणि पाणी राहील तसंच."

तेवढ्यात नौबत झडली. राजा पाहणीला आला! एकच धावपळ उडाली. गड चढून आलेल्या पाहुण्याला शिपायांच्या बायकांनी गूळपाणी द्यायचं, असा तिथला रिवाज होता. ठकूबाईचे डोळे चमकले. तिने तांब्या उचलला आणि खालच्या टाक्याकडे धूम ठोकली.

ती कुठून पाणी घेऊन आली, ते किल्लेदाराने पाहिलं, पण तिला अडवायला उशीर झाला होता. राजाने गुळाचा खडा तोंडात टाकला. तांब्या ओठांपाशी नेला. आणि...

"महाराज, पिऊ नका!" किल्लेदार किंचाळला.

"का रे? विष आहे का यात?"

"नाही महाराज, ते... खालच्या टाक्याचं आहे." किल्लेदाराने जीभ चावली. पण आता काय उपयोग!

"महाराज," ठकूबाई पुढे झाली, "हेच पाणी आमची पोरं रोज पितात. माझी लेक मरायला टेकलीय."

राजा लालबुंद झाला. "मग माझ्यापर्यंत एकही तक्रार कशी आली नाही?"

"तक्रार किल्लेदाराविरुद्ध, आणि ऐकणाराही किल्लेदारच!"

"यापुढे मी स्वतः ऐकेन."

"महाराज, तुम्ही येता वर्षातून एकदा. आणि उद्या तक्रार तुमच्याविरुद्धच असली तर?"

काय धीट बाई! सगळे गारच पडले. राजा मात्र खो खो हसला.

पायथ्याच्या गावात एक सुईण आजी होती. तिने ना किल्लेदाराचं मीठ खाल्लं होतं, ना राजाचं. शिपायांची आणि त्यांच्या घरच्यांची गाऱ्हाणी तिने ऐकायची आणि भर दरबारात सांगायची. तिला कुणीही हटवायचं नाही, आणि तक्रार करणाऱ्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही, असं राजाने ठरवलं. किल्लेदाराची किल्लेदारी त्याच दिवशी गेली. खालचं टाकं साफ होईपर्यंत सारा गड वरचं पाणी प्याला. पंधरा दिवसांत ठकूबाईची लेक अंगणात उड्या मारू लागली.

पुढच्या वर्षी आजी दरबारात उभी राहिली आणि तिने पहिलीच तक्रार सांगितली, "महाराजांच्या पाहणीसाठी शिपायांना चार-चार दिवस उन्हात ताटकळत ठेवतात. हे महाराजांमुळे होतं!"

राजा मान खाली घालून म्हणाला, "चुकलं माझं. आजपासून हे बंद."

म्हणून सांगतो, ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल, त्यालाच ती ऐकायला कधी बसवू नये.