सुभेदाराचे तीनशे मुके

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की खरी का खोटी हे सांगायला कुणी उरलेलं नाही. तेव्हा मधे तोंड घालू नका, ऐका.

एका बादशाहीच्या अगदी टोकाला, डोंगरातल्या खिंडीत, तीनशे माणसांचं गाव होतं. माणसं येशूला मानणारी, पण जरा निराळी. त्यांना ना देऊळ, ना मूर्ती, ना चित्र. प्रार्थनेला उभं राहायचं आणि दोन्ही हात पसरायचे. "माणसाचाच क्रूस होतो, मग लाकडाचा कशाला?" असं म्हणायचे. शत्रू आला, की हीच माणसं वरून धोंडे लोटून खिंड राखायची.

राजधानीतल्या धर्मगुरूंच्या पोटात दुखायला लागलं. त्यांनी बादशहाचे कान भरले आणि हुकूम सुटला: 'गाव तीनशे माणसांचं. सोबत धाडलेल्या संताच्या चित्राचे तीनशे मुके झालेच पाहिजेत. नाहीतर गाव नदीपार हाकलावं.'

हुकूम, चित्र आणि बारा शिपाई घेऊन एक सुभेदार आला. गावातला वडीलधारा, तुखिक नावाचा म्हातारा, पुढे झाला.

"चल रे म्हाताऱ्या, घे मुका!"

"साहेब, संत थोर होता. पण रंगवलेल्या फळीचा मुका आम्ही घेत नाही."

"मग घर सोड!"

तुखिकचे डोळे भरून आले. त्याच्या आज्याने डोंगर फोडून ते घर उभारलं होतं. "सोडतो," तो म्हणाला. "पण खिंड कोण राखणार?"

"माझे शिपाई आहेत की!"

शिपाई आपले पायांकडे बघत राहिले.

गाव निघालं. पाळणे, कोंबड्या, लंगडी बकरी, सगळं घेऊन नदीकाठी पोचतं न पोचतं, तोच पलीकडे शत्रूचे घोडे दिसले. बाराच्या बारा शिपाई पसार! सुभेदार चित्र बगलेत मारून गावकऱ्यांच्या मागे नदीकडे पळत सुटला.

"बाबा! अहो बाबा, मागे फिरा!"

"आणि मुका, साहेब?"

"खड्ड्यात गेला मुका! तुम्ही आधी धोंडे लोटा!"

माणसं झपाझप वर चढली. असे धोंडे लोटले, की शत्रू आल्या वाटेने परत गेला.

आता सुभेदार डोकं धरून बसला. मुके झाले नाहीत, तर गाव जाणार आणि त्याचं डोकंही. शेवटी त्याने चित्र मांडीवर घेतलं आणि स्वतःच सुरुवात केली. एक, दोन, तीन...

"साहेब, हे खोटं नाही का?" तुखिकने विचारलं.

"खोटं कसलं? मुके तीनशेच होणार. कुणी घ्यायचे, ते हुकमात कुठंय? मधे बोलू नका बाबा, मोजणी चुकते!"

तीनशे पुरे होईस्तोवर संताचं नाक पुसलं गेलं होतं आणि सुभेदाराचे सुजलेले ओठ चित्राच्या रंगाने निळेशार झाले होते. झिजलेलं चित्र बघून राजधानीत आनंदीआनंद झाला. गाव आपल्या घरी राहिलं, आपल्या रीतीने हात पसरून प्रार्थना करत राहिलं. सुभेदार मात्र महिनाभर पेजेवर होता.

तात्पर्य: बळजबरीने फार तर ओठ रंगतात, मन रंगत नाही.