सॉनहाची घंटा

"मग आमचा सॉनहा परगणा गेला कुठं?" मठातल्या वृद्ध भिक्खू मुगाकांनी विचारलं.

"शेजारच्या होसानमध्ये घातला, आचार्य," कारकून ग्युसॉन म्हणाला. "एकानं बंड केलं, शिक्षा साऱ्या परगण्याला. राजाज्ञाच आहे. दप्तरातून नाव काढलं, वेशीवरच्या दगडावरून काढलं. आता तुमच्या घंटेवर तेवढं उरलंय."

"हा डोंगर?"

"होसानचा."

"तो ओढा?"

"तोही होसानचा."

"बरं आहे, ओढ्याला वाचता येत नाही," म्हातारा म्हणाला.

ग्युसॉनला हसू आलं नाही. तो स्वतः सॉनहाचाच. नोकरीसाठी त्यानं 'मी होसानचा' असं बेधडक लिहून दिलं होतं, आणि ते खरं की खोटं हे पाहायलाच अंमलदारानं हे काम त्याच्या गळ्यात मारलं होतं. पायथ्याच्या लोहारानं हात दुखतो म्हणून काखा वर केल्या, तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन तो एकटाच डोंगर चढला. आज घंटेवर नाव राहिलं, तर त्याची नोकरी राहणार नव्हती.

"आडवे आलात तर मठाला टाळं लागेल," तो म्हणाला.

"मी कुठं आडवा येतोय?" मुगाक बाजूला सरले. "ही घंटा ओतली तेव्हा घरटी एक काशाचा चमचा आला होता. तुझ्या आईनं दिला होता का रे?"

आई त्यानंतर मरेपर्यंत लाकडी चमच्यानं जेवली. ग्युसॉनला भडभडून आलं, आणि आलं म्हणून स्वतःचाच राग आला. त्यानं पहिल्या अक्षरावर छिन्नी टेकवली आणि हातोडा हाणला.

घंटा दणाणली.

नाद खाली खोऱ्यात उतरला. भातखाचरांत वाकलेली माणसं एकेक करून उभी राहिली आणि वर पाहू लागली. अक्षरावर नुसता चरा पडला होता.

ग्युसॉननं घाईघाईनं घंटेवर तळहात दाबला. "आचार्य… हे तर सगळ्यांना ऐकू जातंय."

मुगाक पायरीवर ऐसपैस बसले.

"सगळ्यांना कुठं? खिंडीपलीकडची दोन गावं राहिली. जरा जोरानं मार."