पाहुण्याचं ‘जरा…’

शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पदरात घ्याव्यात. शब्दही साधेच आहेत, पण गोष्ट चांगली आहे.

सागवे बंदराचे राजे हंबीरराय सकाळपासून संतापले होते. मिरी घ्यायला आलेला जपानी पाहुणा मोरिता समोर चटईवर बसला होता आणि त्याला काहीतरी हवं होतं. काय हवं होतं, ते कुणालाच कळत नव्हतं.

“काय म्हणतो तो?” राजांनी विचारलं.

येसूनं सांगितलं, “‘जरा…’ म्हणाले, महाराज.”

“जरा काय?”

“एवढंच म्हणाले.”

येसू ही माणसांना पाण्यापलीकडे पोचवणाऱ्या तरीवाल्या गणबाची मुलगी. बापाच्या होडीतून परदेशी खलाशी नेता-आणता ती त्यांच्या भाषा शिकली होती. म्हणून आज ती दुभाषी.

पाहुण्यापुढे आंबे ठेवले, शाल आणली, पंखा ढाळला. तो प्रत्येक वेळी वाकून आभार मानी आणि पुन्हा म्हणे, “जरा… इथं…”

शेजारच्या खुर्चीतला इंग्रज पाहुणा म्हणाला, “मला माझा हुक्का माझ्या उजव्या हाताला हवा आहे. तो तुमच्या नोकरानं तिथून हलवू नये.”

“वा! बोलावं तर असं!” राजे म्हणाले. “दाराबाहेरच्या माणसालाही कळतं! येसू, तूच शब्द गिळतेस. पंगत बसायच्या आत याला काय हवं ते सांग. नाहीतर तुझ्या बापाची होडी बंद!”

“त्यांनाच विचारू?”

“खबरदार! पाहुण्याला किती वेळा विचारणार? घराची शोभा होते!”

येसू विचार करू लागली. एक पाहुणा दाराबाहेरच्या माणसासाठी बोलतो. मग दुसरा कुणासाठी बोलतो?

“महाराज,” ती म्हणाली, “आपण यांच्या शेजारी बसाल?”

“मी? खाली?”

“चटई स्वच्छ आहे.”

राजे गुरगुरत सिंहासनावरून उतरले आणि पाहुण्याला खेटून बसले. त्यांनी समोर पाहिलं आणि झटकन डोळे मिटले.

“अगं, झाक की लवकर!”

“काय झाकू, महाराज?”

“हे! दिसत नाही का?”

“हे म्हणजे कोणतं? कुणी झाकायचं? कशानं?”

“डोळे फुटले माझे! झाक म्हणतो ना!”

“महाराज, दाराबाहेरच्या माणसाला यातलं काय कळेल?”

राजांनी डोळे किलकिले करून पाहिलं. खिडकीतलं ऊन त्यांच्याच सिंहासनाच्या सोन्यावर पडून सरळ चटईवर येत होतं. वर बसणाऱ्याला ते दिसायचं कारणच नव्हतं. आणि यजमानाच्या सिंहासनाला नावं ठेवील, तो पाहुणा कसला!

येसूनं शाल उचलून सिंहासनावर टाकली. मोरितानं कमरेत वाकून नमस्कार केला.

“महाराज, आपण आत्ता जे बोललात, तेच हे सकाळपासून बोलताहेत,” ती म्हणाली. “शेजारी बसलेल्याला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.”

राजे आधी तिच्याकडे, मग शाल पांघरलेल्या सिंहासनाकडे बघत राहिले. मग असे हसले, की इंग्रज पाहुण्याचा हुक्का हलला!

गणबाला सागवानी नवी होडी मिळाली आणि तरीवरचा कर कायमचा माफ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजे आपण होऊन मोरिताच्या शेजारी जाऊन बसले. दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. येसूला दुपारपर्यंत कामच नव्हतं.