नाकतोड्याचा आरशातला भाऊ

मांडीवर बसा. पाय हलवू नका. गोष्ट नाकतोड्याची आहे, पाय हलला की उडून जाईल!

बोर्डीला होती एक चिकूची वाडी. वाडीत राहायची बानूमाई, इराणी म्हातारी. आणि राहायचा एक इवलासा नाकतोडा. हिरवा हिरवा. एकटा एकटा.

बानूमाईचा सण नवरोज. थंडी सरली, दिवस-रात्र सारखे झाले, की तिचं नवं वर्ष! मेजावर गव्हाच्या कोवळ्या पात्यांची ताटली. ताटलीपुढे आरसा. नाकतोडा ताटलीत बसायचा. आरशात कोण? दुसरा नाकतोडा!

"माझा भाऊ!" तो म्हणायचा.

यंदा कैऱ्या धरल्या. नवरोज जवळ आला. नाकतोडा आला, टुणुक टुणुक. बघतो तर काय! ताटली रिकामी. आरसा पालथा. भाऊ हरवला!

"आरशा, आरशा, भाऊ दाखव."

"नाही दाखवत जा! आधी ताटली हिरवी होऊ दे."

टुणुक टुणुक.

"ताटली, ताटली, हिरवी हो. आरसा दाखवीना, माझा भाऊ दिसेना!"

"नाही होत जा! आधी गहू भिजू दे."

टुणुक टुणुक.

"गव्हा, गव्हा, भिज. ताटली हिरवी होईना, आरसा दाखवीना, माझा भाऊ दिसेना!"

"नाही भिजत जा! आधी पाणी येऊ दे."

टुणुक टुणुक, माठावर.

"पाण्या, पाण्या, ये. गहू भिजेना, ताटली हिरवी होईना, आरसा दाखवीना, माझा भाऊ दिसेना!"

"नाही येत जा! मला काय पाय आहेत? आधी माई उठू दे."

माई बसली होती ओटीवर. फाटकाकडे बघत.

"माई, माई, ऊठ. पाणी येईना, गहू भिजेना, ताटली हिरवी होईना, आरसा दाखवीना, माझा भाऊ दिसेना!"

"नाही उठत जा! कुणासाठी उठू, डिकरा? पोरं गेली सातासमुद्रापार. नवरोजचा आरसा पाहुण्यापुढे धरायचा असतो. पाहुण्यानं त्यात हसून बघायचं, मग वर्ष हसरं जातं. माझ्या आजीच्या आजीनं इराणात हेच केलं. पण पाहुणा कुठाय? आधी पाहुणा येऊ दे."

टुणुक टुणुक, फाटकाबाहेर. रस्ता रिकामा. सकाळ गेली. दुपार गेली. नुसता वारा, सूंऽऽ सूंऽऽ.

टुणुक... टुणुक... नाकतोडा परत आला.

"आलं का रे कुणी?"

"कुणी नाही." तोंड एवढंसं झालं. मग त्यानं मिशा ताठ केल्या. "अगं माई! आत्ता तुझ्या फाटकातून मी आलो ना? मग मी कोण?"

माई बघतच राहिली. मग हसली, खो खो खो! "अरे डिकरा! पाहुणा रे पाहुणा!"

माई उठली. पाणी आलं, डुबुक डुबुक. गहू भिजला, टम्म फुगला. आज नाही, उद्या नाही, बारा दिवसांनी ताटली हिरवी झाली. लुसलुस लुसलुस.

नवरोज उजाडला. माईनं आरसा उचलला. नाकतोड्याच्या मागून वाकून त्याच्यापुढे धरला.

"हस, पाहुण्या."

आरशात भाऊ! आणि भावाच्या मागे कोण? बानूमाई! तीही हसत होती.

पहिलं पातं नाकतोड्यानं खाल्लं. कुरुम कुरुम. पाहुण्याचा मान तो, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही!