ठमकीचा जाडजूड टायर

रिक्षा बोलायच्या आणि कासवं पंक्चर काढायची, तेव्हाची ही गोष्ट. ठमकी रिक्षाचा पुढचा टायर झिजला. तिला आता जीपसारखा जाडजूड हवा होता.

"जुन्यावरचा मापाचा आकडा बघून तेवढाच घे गं," कासवदादा म्हणाले. "हा वळताना घासेल."

"उभी आहे तेव्हा कुठे घासतोय?" म्हणत ठमकीने तोच बसवून घेतला आणि नवरी शेळीला घेऊन ऐटीत निघाली.

पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला करकरून घासला. ठमकी कळवळली. तिने ठरवलं, आता वळायचंच नाही.

"अगं, मांडव डावीकडे राहिला!" शेळी ओरडली.

"सरळ रस्त्यावरचाच एखादा नवरा बघू या ना, ताई!"

रस्ता सरळ तळ्यात गेला. मुहूर्ताला दोघी गळ्याइतक्या पाण्यात होत्या. काठावर कासवदादा दिसताच ठमकीने हळूच विचारलं, "दादा, तो आकडा किती होता हो?"