चुकीच्या जागी जोर

कुमुदिनी शेवाळे विज्ञानात हुशार होती, पण इंग्रजी बोलताना तिची जीभ अडखळायची. शाळेत विज्ञानशिक्षिकेच्या जागेसाठी ती मुलाखतीला गेली, तेव्हा तज्ज्ञ म्हणून बसलेल्या सबनीस सरांनी नेमकं तेच हेरलं. तिच्या तोंडून ‘थर्मामीटर’ ऐकताच ते कडाडले, “थर्मामीटर नव्हे बाई, थर्मॉमिटर! शब्द थर्मो आणि मीटर जोडून झालाय, पण जोर मधल्या ‘मॉ’वर! जोर कुठे द्यायचा हेच कळत नाही, मग मुलांना काय शिकवणार?”

नोकरी तर हातची गेलीच, आता निदान हसून तरी घ्यावं, असं कुमुदिनीनं ठरवलं.

“खरंय सर,” ती म्हणाली, “माझा जोर लहानपणापासून चुकीच्याच जागी पडतो. ‘ओढा’ लिहिलेलं दारही मी ढकलत बसते. थर्मो म्हणजे उष्णता आणि मीटर म्हणजे मापक, एवढंच मला ठाऊक. पण माझा हा अशुद्ध थर्मामीटरसुद्धा सांगतोय, की तुमचा पारा बराच चढलाय!”

मुख्याध्यापिका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सबनीस सरांनाही हसू फुटलं.

“घ्या हो यांना,” ते म्हणाले, “यांच्या तासाला कोणी झोपायचं नाही.”